भय ओसरण्याचे रसायन

तापीच्या उत्तर काठावरचे बऱ्हाणपूर आणि त्याच्या रेल्वे स्थानकाला लागून असलेले, जुन्या मोगल बागेचे नाव आजही चालवणारे लालबाग हा परिसर सध्या मध्य प्रदेशात मोडत असला, तरी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याचा कारभार नागपूरहून चालत असे, आणि ब्रिटिश अमलात बऱ्हाणपूर ही मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्याची एक तहसील होती. जिल्ह्याचे मुख्य ठाणे खंडव्याला होते आणि त्याच खंडव्याच्या परिसरात सरकारी परवान्याने, अबकारी खात्याच्या देखरेखीखाली गांजाचे पीक घेतले जाई. तयार माल सरकारी कोठारात जमा होऊन परवानाधारक दुकानांतून प्रांतभर विकला जात असे. मेंदूतील भीतीच्या यंत्रणेविषयी लिहिताना या पिकापासून आरंभ करण्याचे कारण असे की, माणसाला भीती का वाटते आणि ती कशी ओसरते, या प्रश्नाचे गेल्या साठ वर्षांत मिळालेले एक महत्त्वाचे उत्तर याच वनस्पतीचा माग काढता काढता हाती आले, आणि त्या शोधातील काही उल्लेखनीय प्रयोग मध्य प्रांताच्या जुन्या राजधानीत, म्हणजे नागपुरातच झाले.

गांजाचा मनावर होणारा परिणाम हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजकीय वादाचा विषय बनला होता. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात उपस्थित झालेल्या प्रश्नावरून हिंदुस्थान सरकारने एक आयोग नेमला. हा आयोग इतिहासात ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ या नावाने ओळखला जातो. या आयोगाने गांजा, भांग आणि चरस यांच्या लागवडीची, विक्रीची आणि परिणामांची चौकशी देशभर केली, १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून घेतले आणि १८९४ मध्ये अहवाल सादर केला. त्यातील सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. गांजामुळे माणसे वेडी होतात, असा सार्वत्रिक समज त्या काळी होता आणि त्याला आधार म्हणून इस्पितळांच्या नोंदवह्या दाखवल्या जात. आयोगाने १८९२ मध्ये दाखल झालेल्या रुग्णांची एकेक नोंद तपासली, तेव्हा ज्या २२२ रुग्णांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे लिहिले होते, त्यांपैकी केवळ ९८ रुग्णांच्या बाबतीत ते कारण टिकण्याजोगे ठरले, आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणे मिसळलेली होती. नोंदवहीतील ‘कारण’ हा रकाना रिकामा ठेवता येत नसल्याने, रुग्णाला घेऊन येणारा पोलीस किंवा दाखल करून घेणारा कारकून तेथे सोयीचे कारण लिहून मोकळा होत असे. पुराव्याची इतकी कसून छाननी करणारा दुसरा अहवाल त्या काळच्या वसाहती कारभारात शोधूनही सापडणे कठीण आहे.

मात्र आयोगापुढे आलेल्या साक्षींमध्ये एक विसंगती होती आणि ती त्या काळच्या ज्ञानाने सुटण्यासारखी नव्हती. कष्टकरी, बैरागी, पहिलवान यांच्या बाजूने बोलणारे साक्षीदार सांगत की, गांजाने थकवा जातो, चिंता हटते आणि मन निर्भय होते. दुसऱ्या बाजूला तितकेच विश्वासार्ह साक्षीदार सांगत की, हेच द्रव्य घेतलेला माणूस धास्तावतो, संशयी होतो आणि सावलीलाही भितो. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात संकटातून सुटका मागताना ज्या वनस्पतींना साकडे घातले आहे, त्यांत भंगेचेही नाव येते, म्हणजे या वनस्पतीचा मनःशांतीशी जोडला गेलेला संबंध फार जुना आहे. तिच्यामुळे होणाऱ्या घबराटीचा अनुभवही तितकाच जुना असला पाहिजे. एकच पदार्थ भीती घालवतो आणि आणतोही, हे कसे, याचा उलगडा होण्यासाठी आधी त्यातील रसायन हाती यावे लागले आणि मग मेंदूत ते नेमके कोठे जाऊन बसते, हे समजावे लागले.

रसायन हाती आले ते १९६४ मध्ये. इस्रायलमधील रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी पोलिसांनी जप्त केलेल्या हशिशमधून टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, अर्थात टीएचसी, हे नशा आणणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. हे द्रव्य शरीरात कोठे काम करते, हे कळण्यास आणखी जवळजवळ पाव शतक लागले. १९८८ मध्ये अमेरिकेत सेंट लुइस येथे अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांनी दाखवून दिले की, मेंदूतील पेशींवर या जातीच्या रेणूंना धरून ठेवणारी खास प्रथिने असतात. अशा प्रथिनाला रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. ठरावीक रेणू येऊन चिकटला की ते पेशीच्या आत एक ठरावीक घडामोड सुरू करते. या ग्राहीला पुढे सीबी-१ असे नाव मिळाले, १९९० मध्ये त्याचे जनुक ओळखले गेले, आणि मेंदूत तो इतक्या मोठ्या संख्येने आढळला की संशोधकांपुढे एक साधा पण बिनतोड प्रश्न उभा राहिला: एका झुडपाच्या डिंकासाठी निसर्गाने माणसाच्या मेंदूत इतकी व्यवस्था कशासाठी करून ठेवावी? ती झुडपासाठी नसणार, तर मेंदूच्या स्वतःच्याच एखाद्या रेणूसाठी असणार, हे उघड होते. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मेशुलाम, डेव्हेन आणि लुमीर हानुश यांनी डुकराच्या मेंदूतून असा रेणू मिळवला आणि संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून त्याला आनंदमाइड हे नाव दिले. १९९५ मध्ये असाच दुसरा रेणू सापडला. त्याचे रासायनिक नाव लांबलचक असल्याने तो टू-एजी या संक्षेपाने ओळखला जातो. हे दोन रेणू, त्यांचे ग्राही आणि त्यांना तयार करणारी व तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, या सर्वांना मिळून अंतःस्थ कॅनाबिनॉइड यंत्रणा असे म्हटले जाते.

ही यंत्रणा भीतीच्या बाबतीत काय करते हे समजण्यासाठी भीतीचा मेंदूतील मार्ग माहीत असावा लागतो. समोर साप दिसला तर वाटते ती भीती, आणि गवतात साप असेल काय या विचाराने दिवसभर मनाला लागून राहते ती चिंता, असा ढोबळ भेद मानसशास्त्र करते; पहिलीला समोर ठोस कारण असते, दुसरीला नसते किंवा असलेच तर ते पुढच्या काळात दडलेले असते. दोन्हींच्या मुळाशी अ‍ॅमिग्डाला हा कानशिलाच्या आतल्या बाजूस असलेला, बदामाएवढा आणि बदामाच्याच आकाराचा चेतापेशींचा पुंजका असतो. तो धोक्याची सूचना देतो, आणि त्याच्या आदेशावरून छाती धडधडते, घाम फुटतो, स्नायू ताठरतात व अ‍ॅड्रीनल ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक रक्तात येते. त्याच्या शेजारचा हिप्पोकॅम्पस हा भाग कोणत्या ठिकाणी, कोणत्या प्रसंगी धोका होता याची स्मृती जपतो, तर कपाळामागचा अग्रखंडीय भाग ‘येथे आता धोका नाही’ असा निर्वाळा देऊन अ‍ॅमिग्डालाला आवरतो. सीबी-१ ग्राही या तिन्ही ठिकाणी विपुल आहेत, आणि भीतीच्या संदर्भात या यंत्रणेचे महत्त्व मुख्यतः या वस्तुस्थितीतून आलेले आहे.

चेतापेशी एकमेकींशी बोलतात ते चेतासंधींमधून. संदेश देणारी पेशी एक रसायन सोडते आणि घेणारी पेशी ते टिपते, म्हणजे संदेशाचा प्रवास एकाच दिशेने होतो, असे दीर्घकाळ मानले जात असे. २००१ मध्ये अमेरिका आणि जपान येथील तीन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखवले की, अंतःस्थ कॅनाबिनॉइड रेणू नेमके उलट जातात. संदेश घेणारी पेशी फार उत्तेजित झाली की तिच्या पटलातील स्निग्ध पदार्थांपासून हे रेणू तेथल्या तेथे तयार होतात, मागे सरकून संदेश देणाऱ्या पेशीच्या टोकावरील सीबी-१ ग्राहींना चिकटतात आणि तिला आवरते घ्यायला लावतात. बऱ्हाणपूरच्या केळीच्या बागेत शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचले की तेथे उभा असलेला माणूस विहिरीजवळच्या गड्याला हाक मारून मोटार बंद करायला सांगतो, तसाच हा प्रकार म्हणता येईल. महत्त्वाची गोष्ट अशी की, हे रेणू आधी बनवून साठवलेले नसतात. गरज पडेल तेथे आणि तेवढ्यापुरतेच ते बनतात आणि काम होताच मोडले जातात. आनंदमाइड मोडणाऱ्या विकराला ‘फाह’ असे संक्षिप्त नाव आहे, आणि पुढील विवेचनात ते वारंवार येईल.

आता आयोगापुढच्या त्या विसंगतीकडे पुन्हा पाहता येते. मेंदूतील चेतापेशी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात: ग्लुटामेट सोडून पुढच्या पेशीला चेतवणाऱ्या, आणि गाबा सोडून तिला शांत करणाऱ्या. सीबी-१ ग्राही या दोन्ही प्रकारच्या पेशींच्या टोकांवर असतात. त्यामुळे ग्लुटामेटच्या टोकावर काम करताना कॅनाबिनॉइड रेणू चेतना कमी करतात आणि चिंता उतरते. पण तेच रेणू गाबाच्या टोकावर बसले तर शांत करणाऱ्या पेशीलाच गप्प करतात आणि चिंता चढते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले आहे की, अल्प मात्रेचा चिंताशामक परिणाम ग्लुटामेटच्या पेशींमार्फत घडतो, तर मोठ्या मात्रेचा चिंतावर्धक परिणाम गाबाच्या पेशींमार्फत. माणसांमध्येही याचा पडताळा आला. शिकागोतील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना टीएचसी देऊन मग परीक्षकांसमोर तोंडी मुलाखत आणि अंकगणित अशा ताणाच्या प्रसंगाला सामोरे जायला लावले, तेव्हा ७.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांचा ताण कमी झाला, तर १२.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांची मनःस्थिती उलट अधिकच बिघडली. अवघ्या ५ मिलिग्रॅमच्या फरकाने परिणामाची दिशा बदलली. १८९४ च्या साक्षीदारांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, असे म्हणण्यास आता शास्त्रीय आधार आहे.

या यंत्रणेचे सर्वांत गहन काम मात्र भीती विसरण्याशी, किंवा अधिक काटेकोरपणे बोलायचे तर, भीती मालवण्याशी निगडित आहे. एखादा आवाज ऐकवून लगेच पायाला विजेचा सौम्य झटका दिला, तर उंदीर लवकरच नुसत्या आवाजानेही थिजून उभा राहू लागतो. पुढे तोच आवाज झटक्याविना वारंवार ऐकवत राहिले, तर त्याचे थिजणे हळूहळू कमी होते. या प्रक्रियेला भयविलोपन म्हणता येईल. येथे एक बारीक मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे: विलोपनात मूळची भीतीची स्मृती पुसली जात नाही, तर ‘हा आवाज आता निरुपद्रवी आहे’ अशी नवी स्मृती तिच्यावर चढते आणि जुनीला दाबून ठेवते. २००२ मध्ये जोव्हान्नी मार्सिकानो आणि बेआट लुत्स यांच्या गटाने जर्मनीत केलेल्या प्रयोगात ज्या उंदरांमध्ये सीबी-१ चे जनुक काढून टाकलेले होते, ते आवाजाला भ्यायला इतरांइतकेच व्यवस्थित शिकले, पण ती भीती सोडायला मात्र शिकू शकले नाहीत. कितीही वेळा निरुपद्रवी आवाज ऐकवला तरी ते थिजतच राहिले. साध्या उंदरांच्या अ‍ॅमिग्डालामध्ये त्याच वेळी अंतःस्थ कॅनाबिनॉइड रेणूंचे प्रमाण वाढलेले दिसले. भीती धरायला ही यंत्रणा लागत नाही, सोडायला मात्र लागते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष मानसोपचारासाठी अतिशय अर्थपूर्ण आहे. अपघातानंतर गाडीत बसण्याची, गर्दीची, उंचीची किंवा कुत्र्याची अवाजवी भीती घालवण्यासाठी जो सर्वांत परिणामकारक मानसोपचार आज वापरला जातो, तो रुग्णाला सुरक्षित वातावरणात, टप्प्याटप्प्याने त्याच गोष्टीला सामोरे नेण्याचा आहे, म्हणजे मूलतः विलोपनाचाच आहे.

दीर्घकाळच्या ताणाने या यंत्रणेचे काय होते, याचा शोध घेण्यात भारतीय संशोधकांचा वाटा मोठा आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस कोंडून ठेवले असता त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडल्या, हे आधीच्या अभ्यासांशी जुळणारेच होते, पण अ‍ॅमिग्डालामधील पेशींच्या शाखा उलट वाढल्या. नंतरच्या अभ्यासात असेही आढळले की, ताण थांबून तीन आठवडे लोटले तरी अ‍ॅमिग्डालामधील ही वाढ ओसरत नाही. ‘झाले गेले विसरून जा’ असे चिंताग्रस्त माणसाला सहज सांगितले जाते, त्या सल्ल्याला मेंदू का दाद देत नाही, याचे उत्तर या शाखांमध्ये आहे. पुढे मॅथ्यू हिल, ब्रूस मॅक्युअन आणि चटर्जी यांच्या संयुक्त संशोधनातून २०१३ मध्ये असे पुढे आले की, दीर्घ ताणाखाली अ‍ॅमिग्डालामधील आनंदमाइड घटते, आणि ज्या उंदरांमध्ये ते मोडणारे फाह विकर नसते, त्यांच्या अ‍ॅमिग्डालामध्ये ताणानंतरही शाखांची ती अतिरिक्त वाढ होत नाही आणि त्यांची चिंताही वाढत नाही. दुसरा रेणू, टू-एजी, ताणाच्या काळात मात्र वाढतो, आणि त्याचे काम ताणाचा प्रतिसाद वेळीच आवरणे हे असावे असे दिसते. थोडक्यात, आनंदमाइडचे प्रमाण शांततेच्या काळात चिंतेचा उंबरठा उंच ठेवते आणि ताण सुरू होताच घसरते. टू-एजी नंतर येऊन विस्तव विझवू पाहतो.

माणसांमध्ये फाहच्या जनुकाचा एक प्रकार निसर्गतःच आढळतो, ज्यामुळे हे विकर कमी टिकते आणि आनंदमाइड थोडे अधिक राहते. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हाच जनुकप्रकार उंदरांमध्ये घालून पाहिला आणि माणसांमध्येही तपासला. दोन्हींमध्ये भीती मालवण्याची क्रिया अधिक चांगली झाली. याहून टोकाचे उदाहरण २०१९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. स्कॉटलंडमधील एका वयस्क स्त्रीला शस्त्रक्रियेनंतरही फारशी वेदना जाणवत नव्हती, आणि तपासात तिच्या फाहच्या जनुकाजवळ एक दुर्मीळ बदल आढळला. तिच्या रक्तातील आनंदमाइड नेहमीपेक्षा बरेच अधिक होते, आणि चिंता-भीती या गोष्टी तिच्या आयुष्यात जवळजवळ नव्हत्याच. मात्र भाजल्याचे किंवा कापल्याचेही तिला वेळेवर कळत नसे, हे या कथेतील विसरू नये असे वास्तव आहे. भीती आणि वेदना ही देहाची जुनी राखण आहे; तिला पूर्णपणे निरोप देणे हे कोणत्याही उपचाराचे ध्येय असू शकत नाही.

नागपुरातील संशोधन या मोठ्या चित्रात एक वेगळा आणि रोजच्या जगण्याशी जोडलेला धागा विणते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात उमाठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की, ताप आणि अंगदुखीवर घरोघरी घेतले जाणारे पॅरासिटामॉल उंदरांमधील चिंतादर्शक वर्तन कमी करते, आणि सीबी-१ ग्राही औषधाने अडवले की हा परिणाम दिसेनासा होतो. यामागची रासायनिक वाट स्वीडनमधील संशोधकांनी त्यापूर्वी चार वर्षे उकलली होती: पॅरासिटामॉलचा काही अंश शरीरात बदलून मेंदूत पोहोचतो आणि तेथे फाह विकराच्याच साहाय्याने एका अशा रेणूत रूपांतरित होतो, जो आनंदमाइडची विल्हेवाट मंदावतो. नागपूरच्या याच गटाने पुढे असेही दाखवले की, नैराश्य आणि मंत्रचळावर दिल्या जाणाऱ्या फ्लुऑक्सेटिन या प्रचलित औषधाच्या परिणामातही उंदरांमध्ये अंतःस्थ कॅनाबिनॉइड रेणूंचा सहभाग आहे. त्यांच्या आणखी एका प्रयोगात भुशावर काचेच्या गोट्या ठेवून उंदीर त्या किती पुरतो हे मोजले गेले. गोट्या पुरत राहणे हे पुनःपुन्हा हात धुण्यासारख्या मंत्रचळी वर्तनाचे प्रायोगिक प्रतिरूप मानले जाते. त्यात असे दिसले की, आनंदमाइडसारखे रेणू अधिक मात्रेत दिल्यास हे वर्तन कमी होण्याऐवजी वाढते, आणि ते सीबी-१ मार्फत नव्हे, तर टीआरपीव्ही-१ या वेगळ्याच ग्राहीमार्फत. हा ग्राही म्हणजे मिरचीचा तिखटपणा ओळखणारा तोच ग्राही, ज्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरचीसाठी ओळखल्या जाणाऱ्या निमाडातल्या वाचकाला हे वाचून नवल वाटेल, पण जिभेला झोंबणाऱ्या मिरचीचा ग्राही मेंदूतही असतो, आनंदमाइड अधिक झाले की त्यालाही चिकटते, आणि तेथे त्याचा परिणाम सीबी-१ च्या नेमका उलट होतो.

या प्रयोगांचा अर्थ चिंतेवर पॅरासिटामॉलच्या गोळ्या घ्याव्यात असा मुळीच नाही, हे ठणकावून सांगणे आवश्यक आहे, कारण अधिक मात्रेत हे औषध यकृत निकामी करते, आणि उंदरांवरील निष्कर्ष माणसांवरील उपचार ठरत नाहीत. प्रयोगशाळा आणि औषधालय यांच्यातील अंतर किती धोक्याचे असू शकते, याची दोन उदाहरणे याच यंत्रणेच्या इतिहासात आहेत. पहिले रिमोनाबँट या औषधाचे. सीबी-१ ग्राही अडवून भूक कमी करावी आणि लठ्ठपणा घटवावा, या हेतूने ते २००६ मध्ये युरोपात बाजारात आले. वजन खरोखरच कमी झाले. पण अनेक रुग्णांमध्ये चिंता आणि नैराश्य वाढले, आत्महत्येचे विचार नोंदवले गेले, आणि २००८ मध्ये युरोपातील विक्री थांबवावी लागली. भारतातही हे औषध विकले जात होते. २००९ मध्ये त्यावर बंदी आली. ज्या रुग्णांना मनाचा कोणताही आजार नव्हता, त्यांपैकी काहींनाही केवळ सीबी-१ अडवल्यामुळे चिंता ग्रासावी, याहून या यंत्रणेच्या नित्य कामाचा अधिक ठळक, आणि अधिक क्लेशदायक, पुरावा शोधून मिळणार नाही.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील रेन शहरातले. फाह विकर अडवून आनंदमाइड वाढवावे, या विचाराने अनेक कंपन्यांनी औषधे तयार केली होती. त्यांतील एका नव्या औषधाची निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी सुरू असताना जानेवारी २०१६ मध्ये एकाचा मृत्यू झाला आणि इतर काहींच्या मेंदूला इजा झाली. पुढील तपासातून असे दिसले की, ते औषध फाहखेरीज इतर विकरांनाही अडवत होते, आणि फाहवर नेमके काम करणाऱ्या अन्य औषधांमध्ये असा अपाय आढळलेला नाही. त्या अन्य औषधांपैकी एकाने २०२० मध्ये स्वीडनमधील निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात भीती मालवल्याची स्मृती अधिक टिकवून ठेवल्याचे दिसले. ही वाट बंद झालेली नाही, पण ती सावकाश चालण्याचीच आहे.

उरतो प्रश्न वनस्पतीचा. मेंदू स्वतःचे रेणू गरजेच्या चेतासंधीवर, क्षणभरापुरते बनवतो. टीएचसी मात्र मेंदूतील सर्व सीबी-१ ग्राहींवर एकदम आणि कित्येक तास बसून राहते. दोहोंना एकच मानून ‘ही तर शरीराचीच नैसर्गिक गोष्ट’ असा युक्तिवाद हल्ली जाहिरातींतून केला जातो, तो दिशाभूल करणारा आहे. नियमित सेवनाने मेंदू सीबी-१ ग्राहींची संख्या घटवतो. सेवन थांबवल्यावर सुमारे चार आठवड्यांत ती पूर्ववत होत असली, तरी मधल्या काळात झोप उडते, चिडचिड होते आणि चिंता पूर्वीपेक्षा वाढते; ती घालवण्यासाठी माणूस पुन्हा त्याच द्रव्याकडे वळतो. महाशिवरात्र आणि होळीला घेतल्या जाणाऱ्या भांगेच्या बाबतीत धोका वेगळा आहे. पोटातून घेतलेल्या टीएचसीचा परिणाम चढायला एक-दोन तास लागतात, यकृतात तिचे अधिक प्रभावी रूप तयार होते, आणि घोटलेल्या भांगेत तिचे प्रमाण किती हे कोणालाच ठाऊक नसते. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा पेला घेणाऱ्याची जी धांदल आणि घबराट पुढे होते, तिचे कारण वर आलेल्या मात्रेच्या त्या अरुंद पट्ट्यात आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर कडक निर्बंध घातले, परंतु शेंड्यांविरहित पाने आणि बिया त्याच्या व्याख्येबाहेर ठेवल्याने भांग राज्यांच्या अबकारी नियमांखाली राहिली; औषधी द्रव्य म्हणून ती ‘विजया’ या नावाने आयुर्वेदात आहे आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घेण्याच्या द्रव्यांच्या सरकारी यादीत तिचा समावेश आहे. कायद्यात वेगळी असली तरी मेंदूच्या लेखी ती तीच टीएचसी. याच वनस्पतीतील कॅनाबिडिऑल हा दुसरा घटक सीबी-१ ला थेट चेतवत नाही आणि नशाही आणत नाही. ब्राझीलमध्ये २०११ साली सभेत बोलण्याची भीती असलेल्या रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीत ६०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने त्यांची घबराट कमी झाल्याचे दिसले. हा परिणाम आश्वासक आहे, पण बाजारात विकल्या जाणाऱ्या तेलाच्या काही थेंबांतील मात्रा त्याच्या आसपासही नसते.

ज्याला या यंत्रणेचा लाभ कोणत्याही द्रव्याविना घ्यायचा आहे, त्याच्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. धावल्यानंतर येणाऱ्या हलकेपणाचे श्रेय बराच काळ एंडॉर्फिन या अफूसदृश रेणूंना दिले जात असे. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी उंदरांवर दाखवले की, धावण्याने चिंता कमी होते ती सीबी-१ ग्राहींमार्फत, आणि अफूचे ग्राही अडवले तरी हा परिणाम टिकतो. माणसांमध्येही २०२१ मध्ये असेच आढळले: ४५ मिनिटे मध्यम वेगाने धावलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तातील अंतःस्थ कॅनाबिनॉइड वाढले आणि त्यांची चिंता घटली, मग त्यांचे अफूचे ग्राही अडवलेले असोत वा नसोत. व्यायामाने गंभीर चिंताविकार बरा होतो असे मात्र यावरून ठरत नाही. निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये मध्य प्रदेशासह बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून दूर होते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी आणि हिंदीसह अनेक भाषांत विनामूल्य बोलता येते. तेथे किंवा कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे भीतीची तक्रार घेऊन जाणाऱ्याने आपण भांग किंवा गांजा किती आणि किती काळ घेतो, हे संकोच न करता सांगावे. सीबी-१ ग्राहींची स्थिती या सेवनावर अवलंबून असते आणि त्या माहितीविना रुग्णाची चिंता मूळची आहे, सेवनाची आहे की सेवन थांबवल्याची, हे कोणत्याही डॉक्टरला ओळखता येत नाही.